माझ्या कडू घासाची तजवीज

मी, मनकर्णा नत्थुजी घोगरे, वय एकाहत्तर, धंदा स्वयंपाक, राहणार जठारपेठ, अकोला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसून लिहून ठेवते. वकिलाच्या नमुन्यात 'धंदा' या शब्दापुढे 'गृहिणी' असं छापलेलं होतं. ते मी खोडलं. घरात तर पालही राहते.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे. आमच्या गल्लीतल्या डॉक्टर पौर्णिमा तायडे यांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. रक्तदाब थोडा वाढलेला आहे, पण तो हॉटेलच्या डब्यातली भाजी पाहिली की वाढतो, एरवी बरा असतो. मला कोणी धमकावलेलं नाही, फूस लावलेली नाही. जे लिहिते आहे ते चिडून लिहिते आहे आणि पूर्ण शुद्धीवर लिहिते आहे. या दोन्ही गोष्टी एका वेळी होऊ शकतात, मी जन्मभर तसाच स्वयंपाक केला आहे.

माझ्या बहिणीचा मुलगा योगेश अकोल्याला वकिली करतो. त्याने कच्चा मजकूर वाचून सांगितलं, "मावशी, यातलं अर्धं कोर्टाले लागत नाई." मी म्हटलं, "मले लागते." म्हणून एक शब्दही गाळलेला नाही. हे मृत्युपत्र अमलात आणायचं कामही योगेशकडेच राहील.

१. माझी माणसं.

माझे यजमान नत्थुजी घोगरे एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि गेल्या मे महिन्यात वारले. मला दोन मुलं. मुलगा गजेंद्र, राहणार अमरावती, याचं नांदगाव पेठच्या पुढे हायवेला हॉटेल आहे. त्याची बायको संध्या. मुलगी अपेक्षा, अंजनगाव सुर्जीला दिलेली. याशिवाय माझ्या मिळकतीवर कोणाचा हक्क पोचत नाही, आणि पोचतो असं म्हणत कोणी आलंच तर योगेशने चहा पाजून वाटेला लावावं.

२. घर.

जठारपेठेतलं हे घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि वर गच्ची, माझ्या एकटीच्या नावावर आहे. कितीतरी उन्हाळे मी लोकांची वाळवणं करून दिली. कुरडया, शेवया, ज्वारीच्या खारोड्या. गव्हाचा चीक घोटून घोटून दंड भरून यायचे, रात्री भाकर थापताना हात वर होत नसे. त्यातून प्लॉट झाला. बांधकाम नत्थुजींच्या पगारातून झालं, तरी रजिस्ट्रीच्या वेळी ते म्हणाले, "नाव इचंच टाका साहेब, मी तं नुसता जेवतो." म्हणून हे घर द्यायचा अधिकार फक्त माझा आहे.

गजेंद्रला हे घर पाहिजे. राहायला नव्हे. त्याला इथे हॉटेलची दुसरी शाखा काढायची आहे. 'आईचं घर' असं नावही ठरलं आहे. माझ्या स्वयंपाकघराची समोरची भिंत पाडून तिथे काच बसवणार, म्हणजे गिऱ्हाइकाला जेवता जेवता आतली चूल दिसेल. मी विचारलं, "चुलीवर शिजवशील काय रे?" तर म्हणाला, "नाई माय, चूल फक्त पाहायले. स्वयंपाक मागं भट्टीवर." पाहायची चूल! घर कोणाला जाईल ते कलम आठमध्ये लिहिलं आहे. गजेंद्र, पानं उलटू नको, क्रमाने वाच.

३. माझं नाव आणि माझं तोंड.

नांदगाव पेठच्या हॉटेलचं नाव 'माय मनकर्णा'. बोर्डावर मी. थाळीखालच्या कागदावर मी. पार्सलच्या प्लॅस्टिकच्या डब्याच्या झाकणावर मी. तो फोटो गजेंद्रच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला काढला. नाकातली नथ फोटोग्राफरची आहे, मी जन्मात नथ घातली नाही. हातात सराटा दिला तो लाकडाचा, शोभेचा, त्याने साधी भाकर उलटत नाही. "हसा न मावशी" म्हणाला म्हणून हसले. ते हसू कढीवर झाकण म्हणून लागणार आहे हे मला कोणी सांगितलं नाही.

त्या हॉटेलात मी एकदाच मागच्या दाराने शिरले. एका मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, लाल रस्सा उकळत होता. कोणी वांग्याची भाजी मागितली की त्यात वांगी पडत, पातोडी मागितली की पातोडी, पनीर मागितलं की पनीर. सगळ्यांचा रस्सा एक, नावं वेगळी. आलं-लसूण पिशवीतलं, कांदा पुडीतला. एका पोरीला विचारलं, "मसाला कोणता वाटला?" ती म्हणाली, "आजी, वाटत नाई आमी, फाडतो." आणि तिने पुडी फाडून दाखवली.

मागे निळे ड्रम होते. त्यांत भाकरी होत्या, अख्ख्या, दात न लागलेल्या, वर वरण ओतलेलं, त्यात चहाचे कागदी कप. थाळी 'कितीही खा' अशी आहे ना, मग माणूस पोटाने वाढून घेत नाही, डोळ्यांनी घेतो. दोन घास खातो, ढेकर देतो आणि उठतो. मी ड्रममध्ये हात घातला आणि कडेची एक कोरडी भाकर काढली. चांगली होती, अजून ऊबदार होती.

गजेंद्र धावत आला. "माय, लोक पाहून राहिले!"

"पाहू दे. फेकताना नाई लाजला तू, मी उचलताना काहून लाजू?"

"उष्टं हाये ते."

"कोणाचं तोंड लागलं याले, दाखव मले."

त्याने माझ्या हातातून ती भाकर घेतली, परत ड्रममध्ये टाकली आणि मला गाडीत बसवलं. त्यानंतर मी तिकडे फिरकले नाही.

पण खरी शिसारी पुढे आहे. खाण्यापिण्याचे व्हिडिओ काढणारा कोणी हॉटेलात आला होता. तो व्हिडिओ संध्याच्या फोनवर मी पाहिला. गजेंद्र बोर्डाखाली उभा राहून सांगतो आहे, "आमच्या मायनं आमाले कधी शिळा तुकडा खाऊ घातला नाई. रोज ताजं." थू! त्याच्या अंगावर जेवढं मांस आहे ना, त्यातलं निम्मं कालच्या अन्नाचं आहे. रात्रीच्या भाकरी उरल्या की सकाळी त्या कुस्करून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन, वर ताकाचा हबका मारून मी कुटके करायची. वरण उरलं की कणकेत मळून धपाटे. भात उरला की ज्वारीच्या पिठात कालवून वडे, उन्हाळा असला तर गच्चीवर सांडगे. दोडक्याच्या शिरांची चटणी, कोथिंबिरीच्या काड्यांचं वाटण, आंबट दह्याची कढी. वास आलेलं मी कधी कोणाच्या ताटात वाढलं नाही, नाकाला विचारल्याशिवाय काही फोडणीत घातलं नाही. शिळं आणि सडकं यात फरक असतो, तो घरात शिजवणाऱ्याला कळतो, पुडी फाडणाऱ्याला कळत नाही. हाच गजेंद्र शाळेतून आला की दप्तर पाठीवर तसंच ठेवून कुटक्यांची कढई खरवडायचा. आणि नत्थुजी ड्यूटीवरून आले की चप्पल काढता काढता विचारायचे, "कालचं काही हाये काय वो?" मी ताजं केलेलं असलं तर त्यांचं तोंड उतरायचं. या माणसाची मला फार आठवण येते, जेवायला बसलं की जास्त येते.

सबब, माझं नाव आणि माझा चेहरा ही माझी स्वतंत्र मिळकत आहे आणि ती मी कोणालाही देत नाही. माझ्या तेरवीच्या आत बोर्ड, कागद आणि झाकणं यांवरून मला काढून टाकावं. हॉटेल चालू ठेवायचं असेल तर गजेंद्रने स्वतःचा फोटो लावावा आणि त्यात खुशाल हसावं.

४. भांडीकुंडी.

पाटा-वरवंटा, खलबत्ता, बिडाचा तवा, भाकरी थापायचं पितळी कोपर, जर्मनचे सगळे गंज आणि खरा लोखंडी सराटा हे सगळं सूनबाई संध्या हिला. वाचणाऱ्याला नवल वाटेल, कारण मी संध्याच्या स्वयंपाकाविषयी काय बोलते ते अख्ख्या भावकीला ठाऊक आहे. बटाटा सोलते तर सालीबरोबर अर्धा बटाटा जातो. त्यांच्या अमरावतीच्या फ्लॅटमध्ये ओटा इतका स्वच्छ असतो की त्यावर कधी काही शिजलं असेल असं वाटत नाही. फ्रीज उघडला की डब्यांच्या झाकणांवरून ओळीने मीच हसत असते. एकदा तहान लागली म्हणून फ्रीज उघडला आणि दार तसंच लावून घेतलं, पाणी नळाचं प्यायले. तरी भांडी तिलाच, आणि का ते कलम सहामध्ये आहे. तव्याला साबण लावायचा नाही. तिने लावला तर तवा अपेक्षाकडे जाईल.

५. पुरणयंत्र, दागिने, ठेव.

माझं पितळी पुरणयंत्र माझी नणंद पार्वताबाई हिला द्यावं. ती ते अखजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, मागून न्यायची आणि पोळ्याला परत आणायची, ते भोकाभोकांत वाळलेल्या पुरणासकट. मी सुईने एकेक भोक साफ करत बसायची आणि मनात काय बोलायची ते इथे लिहिता येत नाही. शेवटचं तिने आणून दिलं तेव्हापासून ते मी तसंच ठेवलं आहे. तसंच द्यावं, धुऊ नये.

पाटल्या आणि एकदाणी अपेक्षाला. बँकेतली ठेव अपेक्षा आणि संध्या यांना निम्मी निम्मी. यावर मला अधिक बोलायचं नाही.

६. नत्थुजींचा कडू घास.

हे कलम योगेश गाळ म्हणाला होता. हेच तर सांगायचं आहे.

आपल्याकडे माणूस गेलं की त्या घरची चूल पेटत नाही. मसणातून माणसं परतली की शेजारचे आणि सोयरे आपापल्या घरून डाळीच्या पिठाचं चून आणि भाकर घेऊन येतात. तो कडू घास. घशाखाली उतरत नसतो, तरी पाठीवर हात फिरवून कोणीतरी दोन घास खायला लावतं. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याने त्या दिवशी शिजवायचंच नाही, त्याच्यासाठी दुसऱ्याची चूल पेटायची. एवढी साधी रीत आहे.

नत्थुजींना दुपारी नेलं. गजेंद्रने मसणातूनच फोन करून हॉटेलातून डबे मागवले. नांदगाव पेठ ते अकोला, मे महिन्याचं ऊन. ज्याला शिळं चालत नाही त्याचं अन्न डिक्कीत उकडून आंबलं होतं, झाकणं फुगून वर आली होती. आणि प्रत्येक झाकणावर मी, नथ घालून, मोठं कुंकू लावून, हसत. खरी मी भिंतीला टेकून बसलेली, कपाळ मोकळं. माणसं डबा हातात घेत, झाकणाकडे पाहत, मग माझ्याकडे पाहत आणि मान खाली घालत. माझ्या नवऱ्याच्या मरणाच्या दिवशी माझंच हसू मांडीवर घेऊन लोक बसले होते. त्या दिवशी मला रडू आलं नाही, ओकारी आली. मोरीत जाऊन ओकून आले.

गजेंद्र स्वतः रडत होता आणि रडत रडत डबे वाटत होता. "कोणी उपाशी जाऊ नका, बाबाची आन हाये." त्याने हे मायेने केलं, मला कळतं. म्हणून तर अंगावर जास्त काटा येतो. मायेने करायला गेला आणि हाताला डबाच लागला.

तेवढ्यात फाटकात माणिकबाई आली. माणिकबाई राखोंडे, आमची शेजारीण, भिंतीला भिंत. डोक्यावर टोपलीत भाकरी, हातात चुनाचा गंज, वर ओलं फडकं. उन्हात चूल पेटवून तोंड लाल झालेलं. गजेंद्रने तिला फाटकातच थांबवलं.

"काकू, कायले तरास घेतला? आपलं हॉटेल हाये न. परत घेऊन जा, वाया जाईन."

वाया जाईल! हा शब्द, त्या तोंडातून! माणिकबाईने गजेंद्रकडे पाहिलं, आत माझ्याकडे पाहिलं आणि टोपली घेऊन परत गेली. मी उठायला पाहिजे होतं, उठले नाही.

डबे कोणाच्याने खाल्ले गेले नाहीत. संध्याकाळी कोणीतरी ते गल्लीच्या कोपऱ्यावर नेऊन टाकले आणि कुत्र्यांनी फोडले. दुसऱ्या दिवशी राख सावडायला निघालेली माणसं माझ्या तोंडावर पाय देत गेली. दारातून मला दिसत होतं. माझ्या गालावर कढी वाळली होती आणि तिच्यावर माशा बसल्या होत्या.

त्या दिवशी संध्याने डबा उघडला नाही. माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, मले हे गिळवत नाई. मी बी तुमच्यासंग उपाशी राहतो." दोघी तशाच निजलो. कलम चारमधली भांडी तिला त्यासाठी.

७. रिकामी वाटी.

माणिकबाईच्या आणि माझ्या मधल्या भिंतीवरून इतकी वर्षं वाट्या गेल्या आणि आल्या. आमच्या गल्लीत वाटी रिकामी परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर, कढीपत्त्याची डहाळी, एखादं लिंबू, पण रिकामी नाही. माझी कोणती वाटी कोणाच्या घरी आहे याचा मी कधी हिशोब ठेवला नाही.

तेरवी झाल्यावर मी कढीगोळे केले आणि वाटी भरून भिंतीवरून माणिकबाईला दिली. तिने घेतली. तासाभरातच वाटी भिंतीवर ठेवलेली दिसली. धुतलेली, पुसलेली, रिकामी.

मी हाक मारली. "माणिकबाई, हे काय वो?"

ती पलीकडून म्हणाली, "तुमच्या घरी आता हॉटेल हाये बाई. आमच्या हातचं काय गोड लागन तुमाले?"

"म्या थोडीच परत लावलं तुले?"

"तुमच्या पोरानं लावलं न. घर तं एकच हाये."

ती बरोबर बोलत होती. आणि हे काही तिच्यापाशी थांबलं नाही. फाटकात काय झालं ते सगळ्या गल्लीने पाहिलं होतं. पोळा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली, माझ्या घरात कोणाची वाटी आली नाही. मी दिलेल्या वाट्या लोक घेतात, "कायले वो" म्हणतात आणि रिकाम्या परत करतात.

म्हणून स्पष्ट लिहिते. मला मरणाची भीती वाटत नाही. मी मेल्यावर त्या दिवशी या फाटकातून कोणी टोपली घेऊन येणार नाही, याची मला भीती वाटते. गजेंद्र पुन्हा फोन करेल, पुन्हा गाडी येईल आणि माझं मरण पुन्हा प्लॅस्टिकच्या डब्यात वाटलं जाईल. जन्मभर शिजवलं, वाढलं, उरलेलं जपलं, आणि माझ्यासाठी कोणाची चूल पेटू नये? हा विचार आला की मला जेवण जात नाही.

८. घराची वाटणी.

सबब, जठारपेठेतल्या घराची वाटणी मी पुढीलप्रमाणे करते.

माझ्या मरणाच्या दिवशी, मला नेऊन माणसं घरी परतल्यावर, दुसऱ्या कोणाच्या घरच्या चुलीवर किंवा गॅसवर शिजवलेलं अन्न या घरात आलं, तर हे घर गजेंद्रचं. मग त्याने ते ठेवावं, पाडावं, काच लावावी, मी वरून पाहायला येणार नाही. ते अन्न विकतचं नसावं, मागून आणलेलं नसावं, कोणाला सांगून-सवरून करवलेलं नसावं. एक भाकर आली तरी पुरे. आली की नाही हे योगेशने दारात उभं राहून पाहावं आणि त्याचा निर्णय अखेरचा राहील.

तसं काही आलं नाही, किंवा हॉटेलचा एकही डबा या उंबऱ्याच्या आत आला, तर घर अपेक्षाचं. तिला घर नको आहे, तिने मला तसं सांगितलं आहे. तरी ती घेईल आणि भाड्याने देईल, अशा बिऱ्हाडाला की ज्यांच्याकडे रोज फोडणीचा वास येतो.

माणिकबाईला किंवा गल्लीत कोणाला हे कलम सांगू नये. त्यांनी यायचं तर आपल्या मनाने यावं. माणिकबाईला साक्षीदार करायची माझी फार इच्छा होती, पण याच कारणाने केलं नाही.

हे मृत्युपत्र मी गजेंद्रपासून लपवत नाही. योगेशच्या मते मृत्युपत्र पेटीत ठेवायचं असतं. पेटीत ठेवलं तर पोराला मुदत कशी मिळेल? मी जिवंत आहे तोवर त्याला मुदत आहे.

९. पुरवणी.

काल सायंकाळी गजेंद्रला बोलावून वरचं सगळं वाचायला दिलं. कलम तीन वाचताना त्याचे कान लाल झाले. कलम आठपाशी त्याने कागद ओट्यावर ठेवला.

"हे काय लावलं माय? मेल्यावर तुले डबा कुठं दिसणार हाये?"

"तुह्या बापाले बी नाई दिसला. मले दिसला न."

मग तो म्हणाला, "म्हणजे मी आता वाट्या घेऊन दारोदार फिरू?"

"भरून नेशील तं फिर."

"शाळेत डब्यात कुटके न्यायचो तं पोरं म्हणत, याच्या घरी उष्टं खातात. म्हणून तसं बोललो व्हिडिओत."

"त्या पोरांच्या घरी आता काय शिजते, माहीत हाये काय तुले? तुह्याच हॉटेलात जेवतात ते."

त्याला हसू आलं, मला आलं नाही. मग तो म्हणाला, "माय, मले भाकर थापता नाई येत."

बोर्डावर हातभर अक्षरांत 'मायच्या हातची चव' लिहिणारा माणूस हे बोलला. मला त्याची किळस आली आणि कीवही आली, आधी किळस आली. मी म्हटलं, "हात धू. मी अजून जिती हाये."

त्याने पीठ मळलं ते ढिलं झालं. पहिली भाकर कोपरात फाटली, दुसरी तव्याला चिकटली, तिसरी एका अंगाने करपली आणि दुसऱ्या अंगाने कच्ची राहिली. इतक्या घाणेरड्या भाकरी या घराने पाहिल्या नव्हत्या. त्या उचलून तो सवयीने कचऱ्याच्या बादलीकडे वळला. मी त्याचं मनगट धरलं. भाकरी पुन्हा तव्यावर टाकून शेकायला लावल्या आणि टोपलीत झाकून ठेवल्या. तो रात्री इथेच राहिला.

आज सकाळी त्या भाकरी त्याने कुस्करल्या, कांदा चिरला, फोडणी दिली. मी नुसती बसून होते. मीठ जास्त पडलं होतं, ते मी त्याला सांगितलं. वाटी भरली आणि तो स्वतः भिंतीपाशी गेला.

माणिकबाईने पलीकडून विचारलं, "काय हाये?"

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. मी तांदूळ निवडत होते, मान वर केली नाही.

"कालच्या भाकरीचे कुटके हायेत काकू," तो म्हणाला. "शिळ्या भाकरीचे. म्या केले."

माणिकबाईने वाटी घेतली आणि आत गेली.

एवढ्यावरून घर गजेंद्रला मिळालं असं कोणी समजू नये. कलम आठ आहे तसंच कायम आहे. आता दुपार कलली आहे, साक्षीदार येऊन बसले आहेत आणि वाटी अजून परत आलेली नाही. इतके दिवस ज्या वाट्या रिकाम्या आल्या, त्यांना एवढा वेळ कधी लागला नव्हता.

हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र आहे. ते मी वाचून, समजून, खालील दोघांच्या देखत सही करून पुरं केलं. त्या दोघांनीही माझ्या देखत सह्या केल्या. त्यांना मजकूर वाचायला दिलेला नाही, कुटके खायला दिले आहेत.

(सही)
मनकर्णा नत्थुजी घोगरे

साक्षीदार:
१. डॉ. पौर्णिमा तायडे, जठारपेठ, अकोला (सही)
२. बंडू जानराव इंगळे, वायरमन, जठारपेठ, अकोला (सही)

ठिकाण: अकोला
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६

टीप: कलम आठच्या पानावर कडेला ज्वारीच्या पिठाचा अंगठा उमटलेला आहे. काल पीठ मळता मळता गजेंद्रने ते कलम पुन्हा वाचायला घेतलं, तेव्हाचा तो आहे. ती खाडाखोड समजू नये.